फुटला तर कोणी भरायचं?



आधी पुढे सतरंजीवर बसलेल्या तुम्हा मुलांशी बोलते. मी पाऊण तास घेणार आहे. कंटाळा आला तर खुशाल उठा, फक्त जाताना पंख्याखाली झोपलेल्या आजोबांच्या पायांवर पाय देऊ नका. ज्यांच्या स्मरणार्थ आज जमलोय ते गुरुजी असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. त्यांच्या वर्गातून उठून जाणाऱ्या मुलाला ते अडवत नसत. परत आल्यावर एवढंच विचारत, ‘काय पाहून आलास?’

महिन्यापूर्वी निमंत्रण द्यायला आलेल्या वाचनालयाच्या मंडळींनी मला विषयही लिहून आणला होता. ‘वर्गातला टॅब : शाप की वरदान?’ मी हात जोडले. चौतीस वर्षं शाळेत आणि शाळांच्या आसपास काढली, तेवढ्या काळात ‘विज्ञान : शाप की वरदान’ या निबंधाचे मी किती गठ्ठे तपासले असतील! सगळ्या निबंधांचा शेवट एकच. ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.’ हे वाक्य खोटं नाही, पण ते लिहिल्यावर पोरगं पेन खाली ठेवतं आणि विचारही तिथेच थांबतो. म्हणून मी विषय बदलून मागितला. मग त्यांनी खरं कारण सांगितलं. गुरुजींच्या स्मरणार्थ वाचनालय उद्या सकाळी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला पंधरा टॅब देणार आहे. देणगी गोळा झाली आहे, टॅब आले आहेत, आत्ता ते ग्रंथपालांच्या टेबलाखाली खोक्यात आहेत. तेव्हा आज मी जगातल्या टॅबांबद्दल बोलणार नाही. बोलेन तेही या पंधरांसाठी.

माझा प्रश्न साधा आहे. त्यातला पहिला टॅब फुटेल, तेव्हा तो कोणी भरून द्यायचा?

हसू नका. मला शाळेतल्या यंत्रांबद्दल जे काही कळलं आहे, ते या प्रश्नाच्या मागे चालत गेल्यामुळे कळलं आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा गुरुजी माझे मुख्याध्यापक होते. त्याच सुमारास खडू-फळा मोहीम आली होती. १९८६च्या शैक्षणिक धोरणातून निघालेली, १९८७पासून राबवलेली योजना. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य. साहित्य पेट्यांतून आलं. तराजू, भिंगं, लोहचुंबक, मोजपट्ट्या, नकाशे, ठोकळे. आमच्या आसपासच्या बऱ्याच शाळांत त्या पेट्यांना कुलूप लागलं ते लागलंच. तपासणीला साहेब आले की पेटी उघडायची, मोजून दाखवायची, पुन्हा बंद. का? शिक्षक आळशी होते म्हणून? नाही हो. प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढलेली. बदली झाली की चार्ज द्यायचा, आणि चार्जमध्ये भिंग कमी भरलं तर ते कोणाच्या नावावर? म्हणून भिंग पेटीत सुखरूप राहिलं. मुंगीचे पाय त्या भिंगातून कोणी पाहिलेच नाहीत.

गुरुजींनी पेटी आणली त्याच दिवशी व्हरांड्यात उघडी ठेवली. तराजूचं एक पारडं तिसऱ्या आठवड्यात मोडलं. मी नवखी, घाबरले. म्हटलं, गुरुजी, आता? त्यांनी रजिस्टर काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘वापरात मोडले.’ खाली सही, तारीख. मला म्हणाले, ‘बाई, यात भ्यायचं काय? वापरलं नसतं तर मोडलं नसतं.’ पुढे निर्लेखनाचा प्रस्ताव गेला, दोन पत्रं आली, तीन गेली, आणि पारडं एकदाचं कागदावरून उतरलं. तोवर मुलांनी उरलेल्या पारड्याला नारळाची करवंटी बांधून जोड दिली होती. करवंटी जड, म्हणून दुसरीकडे खडा. पासंग म्हणजे काय, ते त्या वर्गाला धडा न वाचता कळलं.

आता तीस वर्षं पुढे या. मी केंद्रप्रमुख होते. माझ्या केंद्रात एका शाळेला कोणा दानशूर संस्थेने दहा टॅब दिले होते. वर्षभराने मी भेटीला गेले. गोदरेजच्या कपाटात वरच्या फळीवर दहा खोकी, ओळीने. काढून पाहिलं तर पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा सोलायचं राहिलेलं. बाईंना विचारलं, का हो? त्या बिचाऱ्या रडायच्या बेतात आल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, पुढच्या वर्षी मी रिटायर होतेय. ना-देय प्रमाणपत्र अडकलं तर पेन्शन अडकेल.’

सांगा, या बाईंना काय प्रशिक्षण द्याल? टॅब कसा चालवायचा हे त्यांना येत होतं. नातवाला त्या रोज व्हिडिओ कॉल लावत होत्या. त्यांना भीती काचेची नव्हती, कागदाची होती.

आणि हे आपल्याकडेच घडतं असं समजू नका. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने २००८च्या सुमारास खेड्यापाड्यांतल्या शाळांत मुलागणिक एक छोटा लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. मोठा गाजावाजा झाला. नंतर ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला आणि २०१२मध्ये निष्कर्ष आले. गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांत फरक पडला नव्हता. त्या अहवालातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात रुतून बसली आहे. लॅपटॉप मुलांनी घरी न्यावेत अशी मूळ कल्पना होती, पण निम्म्याहून जास्त मुलं ते घरी नेतच नव्हती. हरवला किंवा मोडला तर दुसरा मिळणार नाही, या धास्तीने काही मुख्याध्यापकच नेऊ देत नव्हते. अँडीज पर्वतातला मुख्याध्यापक आणि माझ्या केंद्रातल्या बाई एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांच्या कपाटाला कुलूप एकाच जातीचं.

पण कपाट उघडलं म्हणजे झालं का? समजा, उद्या टॅब मुलांच्या हातात गेले. पुढे काय?

इथे मला थोडा वेळ रेंगाळायचं आहे. एक मात्र आधी कबूल करते. मी गेली काही वर्षं जे अभ्यास वाचले, त्यांतले बरेच टॅबवरचे नसून संगणकावरचे आहेत. यंत्र वेगळं, पण प्रश्न तोच.

आपल्या शेजारी गुजरातेत, बडोद्याला, २००२ ते २००४ या काळात महापालिका शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुलं. आकडा लक्षात ठेवा, एकावर दोन, त्याचं काम पुढे पडणार आहे. गणितात मुलं स्पष्टपणे पुढे गेली. भाषेत काही फरक नाही. खेळ गणिताचे होते, भाषेत कसा पडणार? आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींची आई माहेरची पाटणकर, म्हणजे आपल्या मंडळींनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग बालसखींचा होता. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईत आणि बडोद्यात मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या मुली नेमल्या, त्या बालसखी. त्यांचाही उपयोग झाला, आणि खर्च बराच कमी.

आता दुसरा अभ्यास ऐका. हाही गुजरातेतलाच, ली लिंडन नावाच्या अर्थतज्ज्ञाचा. संगणकावरचा सराव दोन तऱ्हांनी दिला. काही शाळांत तो शाळेच्या वेळात, बाईंच्या शिकवण्याचा काही भाग काढून घेऊन. काही शाळांत तो शाळेच्या वेळेबाहेर, शिकवून झाल्यावर वरचा म्हणून. निकाल काय लागला असेल? जिथे वरचा म्हणून दिला तिथे मुलं सुधारली, विशेषतः मागे पडलेली. आणि जिथे बाईंच्या ऐवजी दिला तिथे मुलं मागे गेली. नुसता फायदा झाला नाही असं नव्हे. तोटा झाला.

ऐवजी की वरचा? हे दोन शब्द मी आज इथे ठेवून जाणार आहे. कुठलाही विक्रेता शाळेत आला, कुठलाही साहेब योजना घेऊन आला, की त्याला एवढंच विचारा. हे कशाच्या ऐवजी? शिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून टॅब देताय की शिक्षक आहे आणि त्याचा हात पुरत नाही म्हणून? दुसरं असेल तर बसा, चहा घ्या. पहिलं असेल तर टॅब राहू द्या, आधी जागा भरा.

कारण हात पुरत नाही, हे खरंच आहे. शहरातल्या मंडळींना दुशिक्षकी शाळा म्हणजे काय याची कल्पना येत नाही. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एक बाई खिचडीच्या तांदळाची नोंद करतेय, नाहीतर कुठल्याशा पोर्टलवर माहिती भरतेय. चौथीत एक मुलगा आहे जो सातवीचं गणित करेल, आणि त्याच्याच शेजारी एक आहे ज्याला अजून दोन अंकी संख्या वाचता येत नाही. बाई मधल्याला धरून शिकवते. दुसरं काय करणार? पुढचा कंटाळतो, मागचा हरवतो. दिल्लीत २०१५मध्ये एका अभ्यासाने हे मोजलं. सहावीतली सरासरी मुलं गणितात अडीच इयत्ता मागे होती. त्यांना संगणकावर असा सराव दिला, जो प्रत्येक मुलाची पातळी पाहून प्रश्न बदलत होता. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हींत चांगली वाढ दिसली. पण तिथेही रोजच्या दीड तासातला पाऊण तासच संगणकावर होता. उरलेला पाऊण तास छोट्या गटात, समोर माणूस. आणि हे सगळं शाळा सुटल्यावर. म्हणजे पुन्हा वरचंच.

यंत्राचं खरं सामर्थ्य हे आहे असं माझं मत झालं आहे. पडद्यावर नाचणारा हत्ती नव्हे, टाळ्या वाजवणारं अस्वल नव्हे. एकोणीस मुलांना एकोणीस वेगवेगळी गणितं देणं आणि न थकता तपासणं. हे मला कधी जमलं नाही. गुरुजींना जमायचं, पण त्यासाठी ते रात्री कंदिलापाशी बसून पाट्यांवर गणितं घालून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला द्यायला.

आता एक प्रसंग सांगते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी पाहिलेला. शाळा तीच, दहा खोक्यांची. बाई निवृत्त झाल्या होत्या, नवीन सर आले होते, त्यांनी खोकी फोडली होती. तिसरी-चौथीचा वर्ग. एक मुलगी टॅब घेऊन एकटी बसलेली. पडद्यावर वजाबाकी. बावन्न वजा सत्तावीस. खाली चार उत्तरं : ३५, २५, २९, ७९. तिने ३५वर बोट ठेवलं. लाल झालं, टॅबने बद्द आवाज काढला, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ तिने ७९वर ठेवलं. लाल. २९. लाल. २५. हिरवं! चांदण्या उडाल्या. पुढचं गणित. एकूण वेळ नऊ-दहा सेकंद. पंधरा मिनिटांत तिने कितीतरी गणितं ‘सोडवली’. टॅबच्या हिशेबी ती वर्गातली सगळ्यांत मेहनती मुलगी.

पस्तीस का आले, ते तुम्हा सगळ्यांना कळलं ना? दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन घालवले. मोठ्यातून लहान. ही काही निष्काळजीपणाची चूक नाही, तिच्या मनात नियम पक्का आहे. नियम चुकीचा आहे, पण पक्का आहे. टॅबने तिला चूक सांगितली. ‘कसं केलंस गं?’ हे विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर चार टॅब चार्जिंगला लागले. शाळेत प्लग एकच. त्याला बोर्ड जोडून त्यातून जमेल तेवढे. त्यामुळे तीन-तीन मुलींत एक टॅब आला. तीच मुलगी, आता दोघींच्या मधे. पुन्हा तसलीच वजाबाकी, त्रेचाळीस वजा अठरा. तिने बोट उचललं आणि डावीकडच्या मुलीने तिचं मनगट धरलं. ‘थांब की. तिनातून आठ कसे जातील?’ ‘आठातून तीन गेले ना!’ ‘अगं, तुझ्याकडे तीन रुपये आहेत आणि वाण्याला आठ द्यायचेत. वाणी तुला देईल काय?’ तिसरी इतका वेळ गप्प होती. ती उठली, खिडकीतला चिंचोक्यांचा डबा घेऊन आली. दहा-दहाच्या चार ढिगाऱ्या आणि तीन सुटे. मग एक ढिगारी मोडली. दहा अन् तीन, तेरा. तेरातून आठ काढले. भांडण झालं, एक चिंचोका मांडीखाली सापडला, पुन्हा मोजलं. मधे टॅबचा पडदा दोनदा मालवला. दोनदा कुणीतरी बोट लावून त्याला जागं केलं. सात मिनिटांनी तिघींनी मिळून पंचविसावर बोट ठेवलं. चांदण्या उडाल्या, पण त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. डावीकडची मुलगी पहिलीला म्हणत होती, ‘आता तू कर. मी बघते.’

संध्याकाळी सरांनी मला टॅबचा अहवाल दाखवला. आलेख वगैरे असतात त्यात. दुपारच्या सात मिनिटांपुढे लिहिलं होतं, प्रश्न : एक. सकाळच्या पंधरा मिनिटांचा आलेख मात्र ताडासारखा. हा अहवाल जिल्ह्याला गेला तर साहेब काय शेरा मारतील? दुपारची घसरण सुधारा!

म्हणून म्हटलं, बडोद्याचा आकडा लक्षात ठेवा. एकावर दोन. ‘प्रथम’नेही पुढे खेड्यांत टॅब दिले तेव्हा मुलांचे छोटे गट करून, गटात एक असे दिले. ती काटकसर वाटते, पण मला तो शहाणपणाही वाटतो. मुलागणिक एक टॅब ही श्रीमंती नाही. प्राथमिक शाळेत तरी नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायचा घाट घातला. मोठ्या मुलांनी काही दिवसांतच त्यावरची बंधनं काढून टाकली आणि हवं ते पाहू लागली. मला त्या पोरांचं थोडं कौतुकच वाटलं. पुढच्या वर्षाअखेर ती योजना गुंडाळली. २०२३मध्ये स्वीडनच्या सरकारने पडद्यांकडून मागे वळून छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा पैसे बाजूला काढले. आपल्या मुंबई महापालिकेने २०१५मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, त्यामागे दप्तराचं ओझं कमी करण्याचा विचार होता. ओझं हे कारण मला पटतं. पण पुस्तक टॅबमध्ये घातलं म्हणजे ते शिकवलं गेलं असं नाही. ते फक्त हलकं झालं.

(कोणाचा तरी फोन वाजतोय. घ्या हो, घ्या. घरचा असेल. मी थांबते.)

फोनवरून आठवलं. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनी गृहीत धरलं की घरात स्मार्टफोन आहे म्हणजे मूल शिकतंय. २०२१च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत दिसलं की शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचं प्रमाण २०१८च्या ३६ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांच्या वर गेलं होतं. पण अशा घरांतल्याही चारातल्या एका मुलाच्या हातात तो येतच नव्हता. वडील कामावर निघाले की फोनही निघाला. आणि घरात भाऊ-बहीण असतील तर संध्याकाळी फोन आधी कोणाला मिळायचा, हे मी सांगायला नको. शाळेतल्या टॅबचा एक मोठा गुण मला इथे दिसतो. तो शाळेचा असतो. तो मुलीच्याही हातात पडतो.

आता भाषेबद्दल. इथे माझा जरा रागच आहे, ऐकून घ्या.

मी बालवाडीसाठीची काही अॅप पाहिली. मराठी म्हणून विकली जाणारी. त्यांतला आवाज म्हणतो, ‘चला अन्वेषण करूया!’ मी एम.ए. झाले, मला अन्वेषण कधी करावं लागलं नाही. त्यात ‘ल’ गिरवायला दिला आहे तो दांडीचा, हिंदी वळणाचा. आपल्या ‘ल’ला दोन पाकळ्या असतात. ‘श’चंही तेच. २००९ साली शासनाने निर्णय काढून मराठी वर्णमालेची वळणं ठरवून दिली आहेत. मूल वर्गात फळ्यावर एक ‘ल’ पाहतं, पुस्तकात तोच पाहतं, आणि टॅब त्याला म्हणतो, चूक. त्या मुलाने कोणाचं ऐकायचं? मुलं टॅबचं ऐकतात, कारण टॅबला चांदण्या आहेत.

अंकांचं तर विचारूच नका. मुलाला आवाज ऐकू येतो ‘त्रेपन्न’. कानाला आधी तीन लागतात, मग पन्नास. मूल आधी तीनचा ठोकळा ओढतं. अॅप म्हणतं, चूक, कारण ज्या भाषेत ते मुळात बनलं तिथे पन्नास आधी उच्चारतात. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘पन्नास तीन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! गणितज्ञ मंगला नारळीकरांनी शांतपणे सांगितलं होतं की जोडाक्षरांचे हे शब्द मुलांना अडवतात, म्हणून नेहमीच्या शब्दांसोबत हाही मार्ग ठेवला आहे. त्यावर किती विनोद झाले. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, एवढं तर मान्य कराल की त्रेपन्नात मूल का अडतं हा विचार कोणीतरी मराठीत बसून केला होता. अॅपवाल्यांकडून मला तेवढंच हवं आहे. भाषांतर नको. कोणीतरी मराठी मुलाशेजारी बसायला हवं.

आणि हे होऊ शकतं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, ते स्वतः वर्गातले शिक्षक होते. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या संदीप गुंड सरांची डिजिटल शाळा पाहून कितीतरी गावांनी वर्गणी काढली. दोघेही जिल्हा परिषदेचे. पण गंमत पाहा, लोक तिथे जाऊन यंत्रं पाहून आले, यादी करून आणली आणि तीच यंत्रं विकत घेतली. यादीत शिक्षक लिहायचा राहिला.

एक काम मात्र मी टॅबला असं करताना पाहिलं, जे मला जन्मात जमलं नसतं. आदिवासी पाड्यावरची शाळा. पहिलीतल्या मुलांची घरची बोली वेगळी, बाईंची वेगळी. बाईंनी एका मुलाच्या आजीला शाळेत बोलावलं, आजीने कोल्ह्याची गोष्ट सांगितली, बाईंनी ती टॅबवर नोंदवली. रोज सकाळी पहिली दहा मिनिटं आजीचा आवाज. वर्गातली गप्प पोरं त्या दहा मिनिटांत बोलू लागत. महिनाभराने बाईंना गोष्ट पाठ झाली, मुलांच्याच बोलीत. आजी वारली तेव्हा गावाने ती गोष्ट मागायला माणूस शाळेत पाठवला.

तो पाडा कोसबाडपासून फार लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाड. या दोघींना एक प्रश्न पडला होता. गुरं राखायला जाणारं मूल शाळेत येत नाही, तर काय करायचं? त्याला दटावायचं? आईबापांना दंड करायचा? ताराबाईंनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. धाकट्यांसाठी अंगणात नेली, तिला आज सगळा देश अंगणवाडी म्हणतो. तिथलं साहित्य काय होतं? शंख, शिंपले, बिया, पानं, माती. त्यातलं काही हरवलं तर कोणाच्या पेन्शनीतून कापलं जात नव्हतं. टॅबला शिंपल्याइतकं स्वस्त करता येणार नाही, मला कळतं. पण शिंपल्याइतकं बिनधास्त करता येईल का?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘पाच मिनिटे.’ अक्षर सुरेख आहे.

तर उद्याचं. सचिव मघाशी विचारत होते, फीत कोणाच्या हस्ते कापायची. फितीचं तुम्ही ठरवा. मला त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची वही हवी आहे. मुख्याध्यापक इथे बसले आहेत, समितीचे अध्यक्षही आहेत, तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी. पंधरापैकी बारा टॅब वर्गात द्या, तीन राखीव ठेवा, फुटतील त्यांच्या जागी. वीजबिल सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, भागणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. वाचनालयाने वर्षाचं बिल उचललं तर टॅबांइतकीच मोठी देणगी होईल, फक्त फोटो येणार नाही. पहिली-दुसरीला देऊ नका, त्यांना माती आणि पाटी पुरे. तिसरीपासून तिघांत एक, दिवसाला अर्धा तास, आणि तोही बाई शिकवून झाल्यावर. अहवाल आलेखाचा नको. महिन्यातून एकदा कोणीतरी वर्गात जाऊन बसावं. मी बसेन, मला आता दुसरं काम नाही.

आणि ठराव असा लिहायचा : ‘स्मृतिप्रीत्यर्थ मिळालेले टॅब वापरात मोडल्यास किंवा बिघडल्यास त्याची वसुली कोणत्याही शिक्षकाकडून अथवा विद्यार्थ्याकडून केली जाणार नाही. रजिस्टरात “वापरात मोडले” असा शेरा मारावा.’

पेन माझ्याकडे आहे. वही मागवा. सूचक म्हणून कोणाचं नाव घालू?